मिश्रण बिघडलंय, पण त्यात कमी काहीच पडलेलं नाही

तुम्ही गोव्यातल्या पर्वरीहून लिहिलंय की गच्चीवरच्या चौदा ग्रो बॅगांसाठी सेंद्रिय मिश्रण घरीच केलं. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, 5 किलोची एक वीट, दोन पोती शेणखत, दोन घमेली तांबडी माती, 5 किलो निंबोळी पेंड, 3 किलो हाडांचा चुरा, 2 किलो चुलीतली राख आणि 2 किलो तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा. सगळं एकत्र केलं आणि त्याच संध्याकाळी मिरची आणि टोमॅटोची रोपं लावली. बाराव्या दिवसापासून खालच्या पानांची टोकं करपली, वाढ थांबली, नवी पानं शिरा सोडून पिवळी पडली, मातीवर पांढरा थर आला. मग दोनदा शेण-गोमूत्राचं जीवामृत दिलं, केळीच्या सालीचं पाणी दिलं, एप्सम सॉल्ट दिलं. काहीच फरक पडला नाही आणि आता तुम्ही विचारताय, आणखी काय घालू?

काहीही घालू नका. निदान पुढचे दहा दिवस तरी नाही. फोंड्याजवळ माझी रोपवाटिका आहे, वीस वर्षांहून अधिक काळ मी हेच काम करतो. घरी केलेल्या मिश्रणाची तक्रार घेऊन येणाऱ्या दहांतल्या आठ जणांच्या मिश्रणात काही कमी नसतं, जास्त असतं. झाड पिवळं पडलं की आपल्याला ते उपाशी वाटतं. पण मुळं जळली किंवा गुदमरली की भरल्या ताटासमोरही झाड उपाशीच राहतं, आणि वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

मी तुमच्या बॅगा पाहिलेल्या नाहीत. शेणखत किती महिन्यांचं होतं, कोकोपीट धुतलेलं होतं का, बॅगांची उंची किती, पाणी नळाचं की विहिरीचं, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून खाली सांगतो त्या घरच्या चाचण्या आधी करा. तरी तुम्ही दिलेल्या यादीवरून मला तीन गोष्टी जवळजवळ दिसतात: क्षार फार, राख-चुना फार आणि हवा फार कमी.

आधी राख-चुन्याचं बघू. तुमची यादी वाचून मला वाटतं, ही कृती थंड देशातल्या कुणाच्या तरी व्हिडिओवरून घेतलेली आहे. तिकडे मिश्रणाचा पाया पीट मॉस, म्हणजे दलदलीत साचलेलं जुनं शेवाळ, असतो. पीट चांगलंच आंबट, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, 7 च्या खाली आंबट, वर अल्कधर्मी) साधारण 4 च्या आसपास. तो 6 च्या वर आणायचा म्हणून त्यात चुना घालावाच लागतो. आपण पीटच्या जागी कोकोपीट घेतो, कारण माड आपल्या दारात आहे, आणि ते बरोबरच आहे. पण कोकोपीटचा पीएच मुळातच साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असतो. त्याला तेवढा चुना लागतच नाही. तुम्ही पाया बदललात आणि चुन्याचं माप तसंच ठेवलंत. शिंपल्यांचा चुरा हळूहळू विरघळतो, त्याचं एवढं भय नाही. राख मात्र पाणी लागताच काम सुरू करते. तुमचं मिश्रण सगळं मिळून दीडशे-एकशेसाठ लिटर झालं असेल. त्यात 2 किलो राख म्हणजे लिटरमागे 12 ग्रॅमच्या वर. पीट मॉसला लागणाऱ्या चुन्याचं काम तेवढी राख एकटीच करते.

नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडताहेत ती यामुळे. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. आणि लोह तर तुमच्या मिश्रणात भरपूर आहे! आपली तांबडी माती जांभ्याची, तिचा रंगच लोखंडाचा आहे. पण पीएच 7 च्या वर गेला की ते लोह विरघळत नाही आणि मुळांना घेता येत नाही. हाडांच्या चुऱ्याचीही तीच गत. त्यातला फॉस्फरस सुटायला माती थोडी आंबट लागते. म्हणजे 3 किलो चुरा घातलात आणि राखेने त्याला कुलूप लावलं.

याहून वाईट म्हणजे राख आणि ताजी पेंड एकत्र पडली. निंबोळी पेंड कुजताना तिच्यातला नत्र आधी अमोनियाच्या रूपात सुटतो. माती आंबट असेल तर तो बराचसा मातीत धरला जातो. माती राखेने अल्कधर्मी झाली की तो वायू होऊन बाहेर पडतो, आणि जाता जाता कोवळी मुळं भाजतो. त्यात 5 किलो पेंड म्हणजे लिटरमागे 30 ग्रॅम. मी 100 लिटरला अर्धा किलो, फार तर 600 ग्रॅम घालतो. तुमची मात्रा पाच-सहा पट झाली.

हे नाकाने तपासता येतं. बॅगेच्या मधल्या थरातलं दोन मुठी मिश्रण काढा. पिळल्यावर एखादा थेंब सुटेल इतकं ओलं असू दे. झिपच्या पिशवीत घालून घट्ट बंद करा आणि सावलीत तीन दिवस ठेवा. मग पिशवी नाकाशी नेऊन उघडा. नाकात झणकन गेलं, गोठ्यातल्या मुताच्या वासासारखं, तर अमोनिया आहे. गटारासारखा किंवा आंबूस वास आला तर आत हवा नाही. मिरगाच्या पहिल्या सरीनंतर परसात येतो तसा वास आला तर मिश्रण मुरलंय, लावायला हरकत नाही. याच्या जोडीला एका वाटीत तेच मिश्रण आणि दुसऱ्या वाटीत साधी चांगली माती घेऊन दोन्हींत मेथीचे दहा-दहा दाणे पेरा. चांगल्या मातीत नऊ उगवले आणि तुमच्या मिश्रणात चार, तर आणखी कुठल्या प्रयोगशाळेची गरज नाही.

आता क्षार. पांढरा थर पाहून काही लोक बुरशी म्हणतात. बोटाने चोळून बघा. कापसासारखी असेल तर बुरशी, आणि ती बहुधा निरुपद्रवी असते. रवाळ, कुरकुरीत असेल तर क्षार. पाणी उडून जातं आणि क्षार वर साचून राहतात.

तुमच्याकडे हे क्षार चार वाटांनी आले: कोकोपीट, शेणखत, राख आणि नंतर दिलेली सगळी पाणी. कोकोपीटबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. रोपवाटिका सुरू केली त्या काळात मी एका काथ्याच्या कारखान्यातून स्वस्त पडलं म्हणून कोकोपीट आणलं. तिथे नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवायचे. ते ठाऊक असूनही मी ते एकदाच भिजवलं आणि त्यात मिरचीची तीनशे रोपं लावली. आठ दिवसांत पानांच्या कडा चहाच्या रंगाच्या झाल्या. मी समजलो पाणी कमी पडतंय आणि जास्त पाणी देत गेलो, पण ट्रेखाली निचराच नव्हता, त्यामुळे क्षार होते तिथेच राहिले. तीनशेतली चाळीसही वाचली नाहीत. ती रोपं ज्यांनी आधीच सांगून ठेवली होती त्यांच्या दारात जाऊन मी पैसे परत केले. तेव्हापासून मी न धुतलेलं कोकोपीट वापरत नाही, पाकिटावर धुतलेलं म्हणून लिहिलं असलं तरी.

मिरची या बाबतीत टोमॅटोपेक्षा नाजूक. मातीतले क्षार वाढू लागले की आधी मिरचीचं उत्पन्न घटतं, टोमॅटो त्यापुढे थोडा वेळ तग धरतो. तुमच्या बॅगांत टोमॅटो जरा बरे आणि मिरच्या जास्त वाईट असतील, तर ती क्षारांचीच खूण समजा.

पिण्याचं पाणी तपासायचा, पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवणारा टीडीएस पेन हल्ली बऱ्याच घरांत असतो, नसेल तर काही शेकड्यांत मिळतो. तो इथे फार उपयोगी. बॅगेला नेहमीसारखं पाणी द्या. अर्ध्या तासाने बॅग ताटात ठेवून वरून हळूहळू थोडं पाणी ओता आणि खाली निथळलेलं पहिलं वाटीभर पाणी मोजा. आधी तुमच्या नळाच्या पाण्याचा आकडा घेऊन ठेवा, म्हणजे मिश्रणाने किती भर घातली ते कळतं. नव्या रोपांसाठी निथळलेलं पाणी 500 ते 1000 च्या दरम्यान असलं तर मी निर्धास्त असतो. 1500 च्या वर खत थांबवतो. 2000 च्या वर मिश्रण धुतो. पीएच कागदी पट्टीवर किंवा थेंबांच्या किटवर बघा. मातीत खुपसायचे दोन दांड्यांचे स्वस्त मीटर येतात, त्यांच्या आकड्यावर मी कधीच निर्णय घेत नाही.

तिसरी गोष्ट हवा, आणि हिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. भांडी घासायचा स्पंज घ्या. पाण्यात बुडवून काढा आणि तळहातावर आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणीही तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतही असंच होतं. प्रत्येक कुंडीच्या तळाशी एक थर असा असतो की तिथलं पाणी आपोआप कधीच निथळत नाही. कुंडी बुटकी असेल तर तो थर मुळांच्या ऐन जागेपर्यंत येतो. आपल्याकडे निचऱ्यासाठी तळाला कौलांचे तुकडे आणि खडी घालायची पद्धत आहे. त्याने हा थर नाहीसा होत नाही, खडीच्या वर सरकतो, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. तळाचं भोक बुजू नये म्हणून एक तुकडा पुरे. निचरा हवा असेल तर भरड वस्तू सगळ्या मिश्रणात मिसळावी लागते.

तुमच्या यादीत भरड असं काहीच नाही. कोकोपीट बारीक, शेणखत बारीक, आणि तांबडी माती तर पाणी पिऊन बसली की चिऱ्यासारखी घट्ट होते. जमिनीत ती माती उत्तम काम करते, कारण तिथे गांडुळं, मुळं आणि खोली असते. फोंड्याच्या आणि सत्तरीच्या कुळागरांत पोफळी आणि मिरी त्याच मातीत पिढ्यानपिढ्या उभ्या आहेत. बारा लिटरच्या पिशवीत मात्र तीच माती आत हवा जाऊ देत नाही. आणि अशा गुदमरलेल्या बॅगेत तुम्ही जीवामृत ओतलंत. जीवामृत वाईट नाही, मी स्वतः बागेत देतो. पण त्यातला गूळ आणि बेसन हे जिवाणूंचं खाणं. ते खाताना जिवाणू प्राणवायू वापरतात, आणि तुमच्या बॅगेत तो आधीच नव्हता. एप्सम सॉल्टचंही थोडक्यात सांगतो: त्यात मॅग्नेशियम असतं, केळीच्या सालीत पोटॅश, आणि राखेतलं पोटॅश आधीच भरपूर पडलंय. ही दोन्ही वाढली की झाडाला कॅल्शियम घेणं कठीण जातं. पुढे टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडला तर कारण हेच असेल. मातीत शिंपल्यांचं कॅल्शियम पडून असलं तरी.

मातीला दोष देण्याआधी दोन गोष्टी मात्र नक्की बघा. मिरचीची पानं होडीसारखी वर वळत असतील तर फुलकिडे आहेत, उलटी खाली वळून देठ लांबत असतील तर कोळी ही अगदी बारीक कीड. दोन्हींत मिश्रणाचा काही संबंध नाही, पानाची मागची बाजू भिंगाने बघा. दुसरं, एखादं झाड हिरवंगार असतानाच दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं आणि दोन-तीन दिवसांत कायमचं झोपतं. तसं असेल तर त्याचं खोड बुडाशी तिरकं कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात लटकत धरा. अजिबात हलवू नका. पाचेक मिनिटांत कापल्या जागेतून दुधासारखा बारीक धूर किंवा दोरा खाली उतरताना दिसला, तर तो जिवाणूजन्य मर रोग. कोकणपट्टीत वांगी, टोमॅटो, मिरची यांचा हा जुना शत्रू आहे. त्यावर खत नाही, औषध नाही. ती बॅग मुळांसकट बाजूला काढा, त्या मातीत या कुळातलं काहीही लावू नका, आणि विळी-कात्री उकळत्या पाण्याने धुवा. तुमच्या वर्णनावरून मला हे वाटत नाही, कारण चौदाच्या चौदा बॅगा एकाच वेळी बिघडल्या. रोग सहसा एकेक झाड धरत जातो. मिश्रणाची चूक सगळ्यांना एकदम भोवते.

तर आता काय करायचं. आधी प्रत्येक बॅगेच्या तळाची भोकं मोकळी आहेत का बघा, नसतील तर गरम सळीने बाजूला, तळापासून बोटभर वर, चार-पाच भोकं पाडा. पाणी झरझर निघत असेल तरच पुढे जा. निचरा नसताना धुणं म्हणजे चिखल करणं, माझ्या त्या तीनशे रोपांचं मी हेच केलं. बारा लिटरच्या बॅगेला सकाळी बारा-पंधरा लिटर साधं पाणी झारीने हळूहळू द्या, तासाभराने पुन्हा तेवढंच. निथळणारं पाणी खाली माड असेल तर त्याच्या आळ्यात जाऊ द्या, माडाला क्षार सोसतात. त्यानंतर वरचा दोन-तीन इंच थर पूर्ण सुकेपर्यंत पाणी देऊ नका आणि दुपारी सावलीची जाळी लावा. पाच दिवसांनी पुन्हा पेनने मोजा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पेंड अजून आत आहे आणि ती कुजत राहणार, म्हणून आकडा एकदा खाली येऊन पुन्हा चढू शकतो. दोनदा धुऊनही तो 2000 च्या वरच राहिला किंवा पिशवीच्या चाचणीत अमोनियाचा वास आला, तर त्या बॅगा रिकाम्या करा. रोपांची मुळं पाण्यात हलकेच धुऊन पांढरी मुळं शिल्लक असलेली तेवढी वेगळ्या, साध्या मिश्रणात लावा. मुळं तपकिरी असतील, ओढल्यावर साल निसटून आत दोऱ्यासारखं उरत असेल, तर ते रोप सोडून द्या.

रिकामं केलेलं मिश्रण फेकू नका. त्यात पैसे आणि कष्ट दोन्ही आहेत. सावलीत ताडपत्रीवर पसरा, त्याच्या निम्मं धुतलेलं कोकोपीट आणि पाव हिस्सा भाताचं करपवलेलं तूस घाला, जरा ओलं ठेवा आणि आठवड्यातून एकदा खोऱ्याने वरखाली करा. मधेमधे ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून बघा. ऊब लागते तोपर्यंत ते शिजतंय. ऊब गेली, वास मातीचा झाला आणि मेथी उगवली की ते तयार. आपल्या उन्हाळ्यात मला चार ते सहा आठवडे लागतात. राख मात्र पुन्हा घालू नका, चिमूटभरही नाही.

पुढच्या वेळचं मिश्रण कसं, तर मी भाजीच्या कुंड्यांना साधारण असं करतो: चार भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग सहा महिन्यांच्या वरचं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग तूस किंवा सोडणांचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे, आणि एक भाग तांबडी माती. 100 लिटरला अर्धा किलो निंबोळी पेंड, पाव किलो हाडांचा चुरा आणि दोन मुठी शिंपल्यांचा चुरा. कोकोपीट तीन पाण्यांतून काढतो, तिसऱ्या पाण्यात मूठभर जिप्सम टाकून रात्रभर ठेवतो. त्याने सोडियम सुटून जातं आणि जागेवर कॅल्शियम बसतं, पीएचही वाढत नाही. मग सगळं मिसळून तीन आठवडे मुरू देतो, आणि त्यानंतरच लावतो. लाकडाचा भुसा स्वस्त मिळतो म्हणून घालायचा मोह होईल, पण कच्चा भुसा कुजताना मिश्रणातला नत्र स्वतःच खाऊन टाकतो. शेणखत घेताना मूठ दाबून बघा: शेणाचा वास आला, गोळा चिकट राहिला किंवा गवताच्या काड्या ओळखू आल्या, तर ते अजून कच्चं आहे, विकणारा काहीही म्हणो.

आणि पावसाचा विचार आत्ताच करा. जून ते सप्टेंबर गोव्यात जवळपास 3000 मिलिमीटर पडतो. तेव्हा आजचा प्रश्न पूर्ण उलटा होतो. क्षार उरत नाहीत, पण नत्रही वाहून जातो आणि बॅगा आठवडेच्या आठवडे गच्च ओल्या राहतात. त्या दिवसांत मी बॅगा विटांवर उचलून ठेवतो आणि गांडूळखत एकदम न देता दर पंधरवड्याला मूठभर देतो. तेव्हा मात्र खालची पानं सरसकट पिवळी झाली तर झाड खरंच उपाशी असतं.

तुमच्या मिरच्यांतल्या काही खोला जातीच्या आहेत असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्या वाचल्या नाहीत तरी फार वाईट वाटून घेऊ नका. ती मिरची काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर वाढते, जिथे पाणी कधी थांबतच नाही. बी शिल्लक असेल तर मे महिन्यात मुरलेल्या मिश्रणात नव्याने पेरा, मिरगापर्यंत रोपं वीतभर होतील. धुण्याआधीचा आणि नंतरचा टीडीएसचा आकडा आणि एका उपटलेल्या रोपाच्या मुळांचा फोटो मला पाठवा, म्हणजे चौदांतल्या कुठल्या बॅगा ठेवायच्या ते नेमकं सांगतो.